बारदान वजा जाता

माझं वजन पहिल्यांदा कमी केलं ते बाबांनी, आणि तेही निव्वळ सवयीनं. पुढे त्याचं थोतांड केलं ते मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत कोण गुन्हेगार म्हणून ताटकळायला नको.

बेगम बाजारात आमचं मिरची-हळदीचं घाऊक दुकान आहे. खाली पोती, वर आम्ही. लहानपणापासून घरात कुणी शिंकलं तर आम्ही 'सर्दी झाली का' विचारत नाही, 'कोणता माल उतरला' विचारतो. मी त्या वर्षी पंधरा संपवून सोळाव्यात होतो आणि दर शनिवारी लठ्ठ मुलांच्या दवाखान्यात जात होतो. तिथे डॉक्टर मॅडम होत्या, आहार सांगणाऱ्या एक मराठी ताई होत्या आणि बाहेर एक बाकडं होतं. त्या बाकड्यावर तीन माणसं बसतील असा सुताराचा अंदाज होता. आम्हा दोघांत ते भरायचं.

दुसरा म्हणजे माझा दोस्त. अफझलगंजचा. त्याच्या अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि सायकलवर बसायला त्यालाच बंदी, कारण एकदा रिम वाकली होती. पहिल्याच दिवशी त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समाधानानं म्हणाला, "अल्ला का शुकर, मेरे से बी बड़ा है कोई." मी म्हटलं, "सरक जरा." झाली दोस्ती.

आजार काय होता ते सांगतो. माझ्या मानेवर एक काळा पट्टा आला होता. आई दोन वर्षं तो बेसन आणि लिंबानं घासत होती, 'अंघोळ नीट करत नाहीस' म्हणून धपाटेही घालत होती. डॉक्टर मॅडमनी तो पट्टा पाहिला आणि रक्त तपासायला पाठवलं. साखर अगदी काठावर निघाली. मॅडम तेलुगू वळणाच्या हिंदीत म्हणाल्या, सहा महिने बघू. वजन उतरलं तर गोळी लागणार नाही, नाही उतरलं तर लागेल. घरी आल्यावर आईनं बेसनाचा डबा मागच्या फळीवर ठेवून दिला.

पुढचे दोन महिने मी खरंच शहाण्यासारखा वागलो. रोज मैदानावर पाऊण तास चालायचो. अर्धं ताट भाजी. तीन किलो उतरले. मग मार्च आला, साथ आली आणि सगळं बंद झालं. मैदानाला कुलूप, शाळेला कुलूप, दवाखान्यात आमचा विभाग बंद. उघडं काय राहिलं? किराणा. म्हणजे आम्ही. अख्ख्या शहरात खायच्या वस्तू कुठे आहेत हे लोक शोधत फिरत होते तेव्हा मी त्या वस्तूंच्या डोक्यावर, एक जिना वर, झोपत होतो.

टीव्हीवर कुणीतरी म्हणालं की जाड माणसांना या साथीचा धोका जास्त. आईनं पदर तोंडाला लावला, रडली, आणि उठून माझ्यासाठी शिरा केला. तिच्याकडे तेवढंच औषध होतं. मी ते वेळेवर घेतलं.

चालायला उरली गच्ची. आमच्या गच्चीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत माझी एकवीस पावलं होतात. शेजारच्या गच्चीवरच्या तेलुगू मावशी आवकाय लोणच्यासाठी कैऱ्या पुसत बसलेल्या असायच्या. तिसऱ्या फेरीला त्या म्हणायच्या, "एम बाबू, स्लॅब ठीक है ना?" पाचव्या फेरीला कैरीची फोड पुढे करायच्या, मीठ-तिखट लावून. मी ती घ्यायचो. सहावी फेरी सहसा व्हायची नाही.

आता काट्याकडे येतो.

आहारवाल्या ताईंचा फोन आला की दर शनिवारी घरीच वजन करून कळवायचं. घरात माणसांचा काटा नव्हता. खाली दुकानात होता, पोत्यांचा, लोखंडी पाट्याचा. बाबांनी मला त्यावर उभं केलं, चष्मा वर सारला आणि काट्याकडे बघत म्हणाले, "एकशे चार. बारदान दोन. एकशे दोन लिही."

"कसलं बारदान, बाबा?"

बाबा एकदम गडबडले. तीस वर्षं ते पोतं काट्यावर चढवून, रिकाम्या पोत्याचं वजन वजा करून, उरलेला आकडा मोठ्यानं सांगत आले आहेत. रिकाम्या पोत्याला आमच्यात बारदान म्हणतात. मिरचीला किती, हळदीला किती, ते बाजारात ठरलेलं असतं, त्यावर कुणी हुज्जत घालत नाही. त्यांच्या तोंडातून ते आपोआप गेलं. पण व्यापारी माणूस, बोललेला शब्द मागे कसा घेणार?

"कपडे नाहीत का अंगावर? चपला? सकाळी तांब्याभर पाणी प्यायलास ते? बारदानच की ते सगळं."

मला हे फार पटलं. इतकं शास्त्रशुद्ध मला शाळेतही कुणी काही शिकवलं नव्हतं. मी ताईंना एकशे दोन कळवलं. ताई म्हणाल्या, "वेरी गुड! बाकी सगळ्यांचं वाढलंय." त्या कौतुकाची गोडी शिऱ्यापेक्षा जास्त होती, हे मी शपथेवर सांगतो.

त्यानंतर काट्यावर मी एकटाच चढायला लागलो, दुपारी, दुकान बंद झाल्यावर. पुढच्या शनिवारी काटा एकशे पाच म्हणाला. बारदान मी चार धरलं, कारण केस ओले होते. मग खिशात मोबाईल निघाला. मग पावसाळा लागला, आणि पावसाळ्यात गोण्या ओल धरतात हे बाजारात कुणीही सांगेल, मग माणूस का धरणार नाही? असं करत करत काटा वर चढत गेला आणि मी खाली उतरत गेलो. श्रावणात मी अठ्ठ्याण्णव किलोंचा होतो. पाट्यावर उभा होता तो एकशे तेरा किलोंचा कुणीतरी वेगळाच मुलगा, त्याच्याशी माझं बोलणं नव्हतं.

मॅडमनी निरोप दिला, छान चाललंय, गोळीचा विचार तूर्त नको. आईनं देवापुढे साखर ठेवली. ती साखरही मीच खाल्ली.

इथवर सगळं माझ्या एकट्याचं नुकसान होतं. पण मी कुठे थांबतो! एके दिवशी ताईंचा फोन आला: व्हिडिओवर सगळ्या मुलांची मीटिंग घेतोय, मुलं फार खचलीत, तू त्यांना सांगशील का, तू कसं जमवलंस?

नाही म्हणायला मला दोन सेकंद मिळाले होते. ते मी 'हो, ताई' म्हणण्यात घालवले.

मीटिंगच्या दिवशी बाबांनी मोबाईल हळदीच्या पोत्यांवर टेकवला आणि दिग्दर्शन केलं. "मान वर कर. अजून वर. हां, आता हनुवटी एकच दिसते." मी मान वर करून, छताकडे बघत, दहा मिनिटं संयमावर बोललो. मनाला लगाम, जिभेवर ताबा, इच्छाशक्ती. 'ज्याला करायचं असतं तो करतोच, बाकीचे कारणं सांगतात' हे वाक्य माझं आहे. ते मी म्हटलं तेव्हा माझ्या गालात उस्मानिया बिस्किटाचा एक तुकडा विरघळत होता. मी पूर्ण शुद्धीत होतो.

पडद्यावर बारा-पंधरा चौकोन होते. बहुतेकांनी कॅमेरा बंद ठेवला होता. जाड मुलं कॅमेरा बंदच ठेवतात, त्यात नवल नाही. माझ्या दोस्ताचाही चौकोन काळाच होता. 'बाकीचे कारणं सांगतात' या वाक्यानंतर तो चौकोन नाहीसा झाला. मला वाटलं, नेटवर्क.

बोलणं संपलं तेव्हा बाबा माझ्याकडे बघत राहिले. "किती सांगितलंस तू त्यांना?"

"सत्त्याण्णव."

बाबांनी मला हाताला धरून पाट्यावर उभं केलं. चष्मा वर सारला, खाली केला, पुन्हा वर सारला. एकशे पंधरा. मग म्हणाले, "अरे, अठरा किलोचं बारदान कुठे असतं का? एवढं बारदान धरणाऱ्याला बाजारात कुणी उभं करत नाही."

"सुरुवात तुम्ही केली."

"मी दोन धरलं होतं!"

हे भांडण आमच्या घरात अजूनही मिटलेलं नाही. आईला मात्र तेव्हा आम्ही दोघांनीही काही कळू दिलं नाही.

दोस्ताला मी मेसेज पाठवत राहिलो. निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. तीन आठवड्यांनी त्यानं एकदाचा फोन उचलला. "कैकू गायब है रे?" मी विचारलं.

"छोड़ दिया मैं. ताई का फोन बी नहीं उठाता."

"काय झालं?"

"क्या होना? तेरे कू सुना ना उस दिन. तू करके दिखाया. मैं अब्बा के साथ घर में बैठ को खाया, बस. मेरे से नहीं होता यार. मैं कारणां सांगनेवाला हूँ." शेवटचं त्यानं माझ्याच मराठीत सांगितलं, मोडून.

खरं सांगायची वेळ हीच होती. मी म्हटलं, "अरे, होईल तुलाही, प्रयत्न कर." आणि फोन ठेवला. माझ्या आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला आहे, त्यावर मी हसतो, लोकांनाही हसवतो. या एकावर अजून हसता आलेलं नाही. त्याची साखर माझ्यापेक्षा वर होती. त्याला गोळी आधीच सुरू होती, आणि ती ताईंना फोन केल्यावर दवाखान्याच्या खिडकीवरच मिळायची.

दसऱ्याला आत्या आल्या, तोंडाला रुमाल बांधून. आपट्याची पानं माझ्या हातात देत म्हणाल्या, "सोनं घे, सोन्यासारखा राहा. का रे, तुझं वजन उतरलं म्हणे? कुठून उतरलं? पत्ता तरी दे!" सगळे हसले. बाबाही हसले, आणि त्यांच्या पँटचं बटण तुटून माझ्या पायाशी आलं. मी ते उचललं. आईच्या बांगड्या रुतत होत्या. आत्या जिना चढून आल्यापासून धापा टाकत होत्या. त्या सहा महिन्यांत आमच्या घरातलं मांजरसुद्धा रुंद झालं होतं. कुकरमधला केक सगळ्यांनी खाल्ला होता, भजी सगळ्यांनी खाल्ली होती, टीव्हीसमोर सगळे लोळले होते. पण काट्यावर फक्त मला चढायचं होतं.

मला राग आला. असला राग मला पूर्वी कधी आला नव्हता, कारण जाड मुलानं विनोदी असावं असा नियम आहे आणि मी तो पाळत आलो होतो. मी बटण बाबांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "आत्या, उतरलं नाही. चौदा किलो वाढलंय. एकशे अठरा आहे. मी सगळ्यांशी खोटं बोललो. आता हसा."

कुणी हसेना. आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. आत्या म्हणाल्या, "अगं बाई, असं सणाच्या दिवशी..."

"सणाच्या दिवशी वजन विचारायचं नसतं, आत्या."

मी बरोबर बोललो की उद्धट, यावर दोन मतं आहेत. माझं एक आणि उरलेल्या खानदानाचं एक.

आईनं संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. मग जवळ येऊन बसली आणि एवढंच म्हणाली, "साखर वाढली असेल रे." मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

दवाखाना पुढच्या शनिवारी उघडणार असल्याचा निरोप आलेला होता. सकाळी उपाशीपोटी यायचं, रक्त घेणार, वजन करणार. खरं तर तो निरोप आल्यापासून मी पळायच्या वाटा शोधत होतो. सोपी वाट म्हणजे खोकायचं. त्या दिवसांत एकदा खोकलं की पंधरा दिवस कुणी जवळ येत नसे. पण रक्ताचं काय? पोत्याचं वजन वजा करता येतं, रक्तातून काय वजा करणार? आणि मी न जाता राहिलो असतो, तर तो अफझलगंजमध्ये बसून कायम असंच समजला असता की मी जिंकलो आणि तो हरला.

शुक्रवारी दुपारी मी चालत त्याच्या घरी गेलो. घामानं मुखपट्टी भिजली. तो दुकानात बसून ट्यूबला पॅच लावत होता. तोही वाढला होता. मला बघून त्याचे डोळे विस्फारले.

"अरे... तू तो सत्त्याण्णव का था ना?"

"एकशे अठरा. झूट बोला मैं."

त्यानं ट्यूब खाली ठेवली. "वो पूरा भाषण?"

"पूरा."

"वो 'जिसकू करना है उनो करताच'...?"

"मुँह में बिस्किट था."

मला वाटलं हसेल. हसला नाही. हातातला पाना त्यानं इतक्या जोरात आपटला की आतून त्याची अम्मी 'क्या गिरा?' म्हणून ओरडली. "मैं गोलियाँ छोड़ दिया रे, हौले! दो महिने से! सोचा, जाने दो, अपने में दमच नहीं है." मग बराच वेळ त्यानं मला शिव्या घातल्या. दखनीत शिव्या फार सुंदर असतात, पण इथे लिहिण्याजोग्या नाहीत. मी उभ्यानं सगळ्या ऐकून घेतल्या. बसायला त्यानं सांगितलं नव्हतं.

त्याची धाप संपल्यावर मी म्हटलं, "उद्या चल. तुझ्या आधी मी काट्यावर चढतो. सगळ्यांसमोर. तू बघ."

"और मॅडम जूते मारे तो?"

"पहिला मला."

हा विचार त्याला आवडला असावा, कारण त्यानं पाना परत उचलला आणि विचारलं, "कितने बजे?"

शनिवारी बाकड्यावर फुल्या मारलेल्या होत्या, दोन माणसांत अंतर ठेवायला. आम्ही दोघे बसलो तेव्हा फुल्या दिसेनाशा झाल्या. बाकीचा कॉरिडॉर रिकामाच होता. आमच्याबरोबरची बरीच मुलं परत आलीच नव्हती. ताई दारातून बाहेर आल्या, मला पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं.

मी चपला काढल्या, खिशातला मोबाईल दोस्ताच्या हातात दिला आणि चढलो. एकशे अठरा किलो सहाशे ग्रॅम. ताईंनी काटा बंद करून पुन्हा चालू केला. तोच आकडा. "हे कसं शक्य आहे?" त्या मराठीत पुटपुटल्या. मग मी आत जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. मिरची, हळद, बारदान, भाषण, दोस्ताच्या गोळ्या, सगळं.

मॅडम रागावल्या, आणि रागवायचा त्यांना हक्क होता. माझ्या आकड्यांवर विसंबून त्यांनी गोळी पुढे ढकलली होती. "तुझ्या रक्ताशी खेळ केलास तू," त्या म्हणाल्या. मी मान खाली घातली. पण मग त्या म्हणाल्या, "सहा महिने घरी बसून फक्त खाल्लं ना? एवढं वाढेपर्यंत लाज नाही वाटली?"

तिथे मी मान वर केली. या वेळी हनुवट्या मोजल्या नाहीत.

"वाटली, मॅडम. त्या लाजेनंच खोटं बोललो. आता ती नको. मैदान मी बंद केलं नव्हतं. खोटं बोललो त्याची शिक्षा द्या. वाढल्याची नका देऊ, वाढलंय म्हणूनच तर आलोय. कमी झालं असतं तर कशाला आलो असतो?"

ताईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मॅडम पेन टेबलावर आडवं उभं करत राहिल्या. मग त्यांनी माझी फाईल ओढली, नवं पान घेतलं आणि आकडा लिहिला. "गोळी सुरू होईल," त्या म्हणाल्या. "रोज. आणि वजन इथे येऊन करायचं. तुमच्या दुकानात नाही."

"हो, मॅडम."

"तुझ्या वडिलांनाही सांग."

आज मी बावीस वर्षांचा आहे. गोळी एक वर्ष घेतली, मग सुटली, मग पुन्हा लागली, आता पुन्हा सुटली आहे. बारीक झालो असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही कधी रस्त्यात भेटलात तर पंचाईत व्हायची. जाड आहे, तपासण्या करतो, चालतो, आणि कुणी 'अरे, किती वाढलास' म्हटलं तर आकडा सांगतो आणि त्यांचा विचारतो. फार थोडे लोक सांगतात.

पण त्या शनिवारचं राहिलं. मी बाहेर आलो तेव्हा दोस्त आत गेला. दार उघडंच होतं. काटा पीं करून वाजला, आणि आतून त्याचा आवाज आला, अख्ख्या कॉरिडॉरला ऐकू जाईल असा: "एक सौ बारा! छेच बढ़े! सिर्फ छे!" तो धावतच बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि सहा बोटं नाचवली. "तेरे चौदा, मेरे छे! बोल अब इच्छाशक्ती!"

ताईंनी त्याला परत आत बोलावलं, दटावलं, त्याचंही रक्त घेतलं, गोळ्यांची पुडी हातात दिली आणि विचारलं, "पुढच्या शनिवारी नक्की येणार ना तू? की पुन्हा गायब?"

त्यानं पुडी खिशात घातली आणि माझ्याकडे बोट केलं. "आतौं. इसका काटा देखने कू आतौं."

मी म्हटलं, "ये. चष्मा लावून ये."